हर्शी बेअर्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हर्शी बेअर्स हा नेमका कुठला संघ?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचे गाव आहे. २०२०च्या जनगणनेनुसार वस्ती १३,८५८. कागदोपत्री ते स्वतंत्र शहरही नाही; डॉफिन काउंटीतल्या डेरी टाउनशिपचा तो एक भाग. हर्शी चॉकलेट जगभर जाते ते याच गावाच्या नावाने. रस्त्यावरचे दिवेसुद्धा 'किसेस' या चॉकलेटच्या आकाराचे आहेत. या गावाचा आइस हॉकी संघ म्हणजे हर्शी बेअर्स. १९३८ पासून तो आजच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळतोय आणि त्या लीगमधला हा सगळ्यात जुना, खंड न पडलेला संघ. लीगचे विजेतेपद त्याने १३ वेळा मिळवले आहे. इतके दुसऱ्या कोणालाही जमलेले नाही.

मायनर लीग म्हणजे खालच्या दर्जाचा खेळ का?

दर्जा खालचा नाही, पायरी खालची. उत्तर अमेरिकेत सर्वात वर नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल. तिच्या लगेच खाली अमेरिकन हॉकी लीग, म्हणजे एएचएल. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत, एएचएलमध्येही ३२, आणि वरच्या प्रत्येक संघाची खालच्या एकेका संघाशी जोडी ठरलेली. त्याच्याही खाली ईसीएचएल ही लीग.

एएचएलमध्ये तीन प्रकारचे लोक भेटतात. एक, नुकताच निवडला गेलेला १९-२० वर्षांचा मुलगा, ज्याला दोन वर्षांत वर जायचे आहे. दुसरा, वर जाऊन परत पाठवलेला, थोडा घुश्शात असलेला. तिसरा, तिशी ओलांडलेला, आपण आता कायमचे वर जाणार नाही हे पक्के ठाऊक असलेला आणि तरी रोज संध्याकाळी बूट आवळून बर्फावर उतरणारा. खेळाची खरी गंमत या तिसऱ्यात आहे, असे माझे मत.

या लोकांची संख्या मात्र नियमाने आवरलेली आहे. गोलरक्षक सोडून सामन्यात उतरणाऱ्या १८ खेळाडूंपैकी किमान १३ जण 'घडवायचे खेळाडू' असावे लागतात. त्यातल्या १२ जणांचे व्यावसायिक सामने २६० किंवा त्याहून कमी हवेत आणि तेराव्याचे ३२० पेक्षा जास्त नकोत. म्हणजे मुरलेल्या खेळाडूंसाठी जागा पाचच. त्या पाच जागांवर कोणाला बसवायचे, यात चांगल्या व्यवस्थापकाचे निम्मे कसब जाते.

चॉकलेटच्या गावात आइस हॉकी आली कुठून?

मालकाच्या हौसेतून, आणि थोडी हिशेबातूनही.

मिल्टन हर्शी (१८५७–१९४५) यांनी १९०३ मध्ये गायीगुरांच्या या मुलखात कारखान्याचा पाया घातला, कारण मिल्क चॉकलेटला ताजे दूध लागते. कारखान्याभोवती त्यांनी घरे, ट्रॉली, बाग, करमणुकीचे उद्यान असे सगळे उभे केले. ज्याला किर्लोस्करवाडी ठाऊक आहे त्याला हा नमुना समजावून सांगायला नको : आधी कारखाना, मग त्याच्या सावलीत गाव, आणि गावाच्या सुखदुःखात मालकाचा हात.

गावात एक मोठे सभागृह होते. १९३१ मध्ये त्यात बर्फ जमवून त्याला 'आइस पॅलेस' म्हणू लागले. फेब्रुवारीत तिथे पहिला सामना झाला तो बाहेरच्या दोन हौशी संघांत. लोक आले, त्यांना आवडले. मग करमणूक विभाग सांभाळणाऱ्या जॉन सोलेनबर्गर यांनी मनावर घेतले आणि १९३२ मध्ये गावाचा स्वतःचा संघ उभा राहिला. आज एएचएलमध्ये हंगामात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला जो करंडक देतात त्याला सोलेनबर्गर यांचेच नाव आहे.

संघाचे नाव आधी वेगळे होते ना?

हो. सुरुवातीला ते 'बार्स' (B'ars) होते. बार म्हणजे चॉकलेटची वडी, आणि त्याच नावात अस्वलही लपवलेले. काही काळ तर सरळ 'चॉकलेट बार्स' असेच चालले. न्यूयॉर्कच्या क्रीडापत्रकारांना ही फुकटची जाहिरात खटकली आणि नाव फारच धंदेवाईक आहे अशी ओरड झाली. १९३६ मध्ये 'बेअर्स' झाले. आज एकेका खेळाडूच्या शिरस्त्राणावरही जाहिरात असते, तेव्हा त्या पत्रकारांचा सात्त्विक संताप वाचून हसू येते.

जुन्या अरेनाचे एवढे कौतुक कशासाठी?

जुने अरेना म्हणजे २००२ पर्यंत बेअर्स जिथे खेळले ते बंदिस्त क्रीडागृह. त्याची इमारत, त्याचा काळ आणि त्याने पाहिलेले प्रसंग, तिन्हींसाठी. जरा सविस्तरच सांगतो.

१९२९ नंतर अमेरिकेत महामंदी आली. कारखाने बंद पडत होते, तेव्हा मिल्टन हर्शी यांनी गावात बांधकामांचा सपाटा लावला : हॉटेल, सामाजिक सभागृह, शाळा, स्टेडियम आणि हे अरेना. चॉकलेट स्वस्त असल्यामुळे मंदीतही खपत होते, हाताशी पैसा होता, सिमेंट-लोखंड उतरलेले होते आणि कामाला माणसे मिळत होती. 'यंत्राने चाळीस माणसांचे काम होते' असे मुकादमाने सांगताच हर्शींनी यंत्र काढून चाळीस माणसे लावायला सांगितले, अशी गोष्ट गावात अजून सांगतात. गोष्ट शंभर टक्के खरी की थोडी मीठमसाला लावलेली, हा भाग अलाहिदा.

अरेनाचे छप्पर रचले अँटन टेडेस्को या जर्मनीत जन्मलेल्या अभियंत्याने. आत एकही खांब नाही. सिमेंट काँक्रीटचे एक अर्धगोल कवच, जाडी बहुतेक ठिकाणी साडेतीन इंच, आणि ते २२२ फुटांचे अंतर एका झेपेत पार करते. ठरावीक अंतरावर कमानी आहेत, कवचाला ताठ ठेवणाऱ्या. उत्तर अमेरिकेत या आकाराचे पातळ कवचाचे छप्पर तोवर कोणी घातलेले नव्हते. काम केले ते मुख्यतः गावातल्याच लोकांनी, आणि त्यातल्या बहुतेकांनी असे काही पूर्वी पाहिलेलेही नव्हते. १९ डिसेंबर १९३६ रोजी अरेना खुले झाले. आसने ७,२८६. तेव्हा अख्ख्या गावातल्या माणसांपेक्षा ती जास्त होती!

लगेच पुढच्या एप्रिलमध्ये, १९३७ साली, याच गावात कारखान्याचा मोठा संप झाला. कामगार यंत्रांपाशी ठाण मांडून बसले. कारखाना बंद म्हणजे दूध घेणे बंद. आसपासच्या शेतकऱ्यांचे दूध वाया जाऊ लागले. शेवटी शेतकरी आणि मालकाच्या बाजूचे कामगार आत घुसले आणि संपकऱ्यांना मारझोड करून बाहेर काढले. बेअर्सचा इतिहास सांगताना हा भाग बहुधा गाळतात. पण मायबाप मालकाचे गाव म्हटले की त्याची ही बाजूही असते, आणि संघ याच गावाचा आहे.

२ मार्च १९६२ रोजी या छपराखाली हॉकी नव्हे, बास्केटबॉलचा इतिहास घडला. फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलेनने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. सामना १६९–१४७ असा संपला. पाहायला माणसे होती ४,१२४. टीव्हीवर प्रक्षेपण नाही, चित्रफीत नाही. हातात '१००' लिहिलेला कागद धरलेला चेंबरलेनचा फोटो तेवढा राहिला.

आणि मार्च १९७९ मध्ये जवळच्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला तेव्हा गरोदर बायका आणि लहान मुलांना तिथून हलवायचा सल्ला निघाला. त्यांच्यासाठी उघडलेला निवारा म्हणजे हेच अरेना.

लीगमध्ये प्रवेश कधी झाला?

आधी पूर्वेकडच्या हौशी लीगमध्ये १९३६ ते १९३८ अशी सलग तीन विजेतेपदे झाली. मग १९३८ मध्ये आंतरराष्ट्रीय-अमेरिकन लीगमध्ये प्रवेश. त्याच लीगचे नाव १९४० पासून अमेरिकन हॉकी लीग. युद्धकाळात खेळाडू सैन्यात गेले, लीग आटत आटत १९४३-४४ मध्ये सहा संघांवर आली. त्या सहांत हर्शी होते.

बाकीचे संघ गेले, हा कसा टिकला?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. उत्तरही 'लोकांचे प्रेम' एवढ्यावर भागवता येत नाही. प्रेम क्लीव्हलंडलाही होते, प्रॉव्हिडन्सलाही होते.

१९४३-४४ चे ते सहा संघ पाहा : बफलो, क्लीव्हलंड, हर्शी, इंडियानापोलिस, पिट्सबर्ग, प्रॉव्हिडन्स. पिट्सबर्ग हॉर्नेट्सने १९६७ मध्ये कॅल्डर चषक, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला आणि लगेच त्यांचा गाशा गुंडाळला गेला, कारण शहरात एनएचएलचे पेंग्विन्स येत होते. बफलो बायसन्सची कहाणी तीच : १९७० मध्ये चषक हातात आणि संघ बंद, कारण सेबर्स आले. चषक जिंकून घरी जायचे, ते कायमचेच! क्लीव्हलंड बॅरन्स म्हणजे तर त्या काळचे लीगचे दादा, नऊ विजेतेपदे नावावर. ते १९७३ मध्ये भर हंगामात फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला हलवले गेले आणि पुढच्याच वर्षी संपले. प्रॉव्हिडन्स रेड्स १९७७ मध्ये बिंगहॅम्टनला गेले. म्हणजे मायनर लीगचा संघ दोन तऱ्हांनी मरतो. शहर मोठे असेल तर वरची लीग येऊन त्याला गिळते. शहर मधले असेल तर मालक कंटाळतो आणि संघ विकतो किंवा उचलून दुसरीकडे नेतो.

हर्शीला पहिला धोका नव्हता. चौदा हजारांच्या गावात एनएचएल कशाला येईल? दुसरा धोकाही नव्हता, आणि त्याचे कारण एका शाळेत आहे.

मिल्टन आणि कॅथरीन हर्शी यांना मूलबाळ नव्हते. १९०९ मध्ये त्यांनी अनाथ मुलांसाठी शाळा काढली. कॅथरीन १९१५ मध्ये गेल्या. १९१८ मध्ये मिल्टननी आपली जवळजवळ सगळी मालमत्ता, कंपनीच्या समभागांसकट, शाळेच्या ट्रस्टला देऊन टाकली, आणि तेही गाजावाजा न करता. बाहेर कळले ते काही वर्षांनी. आज गरीब घरांतली दोन हजारांवर मुले तिथे मोफत राहतात आणि शिकतात. करमणूक उद्यान, हॉटेले, अरेना आणि बेअर्स हे सगळे ज्या हर्शी एंटरटेनमेंट अँड रिसॉर्ट्स कंपनीकडे आहे, ती कंपनी या ट्रस्टची.

याचा अर्थ असा की संघाच्या मालकाला गाव सोडून जाण्याचे कारणच नाही. मालकाचे हॉटेल तिथे, उद्यान तिथे, शाळा तिथे. हिवाळ्यात उद्यानाचे पाळणे थंडावतात तेव्हा गर्दी आणतो हॉकीचा संघ. नफ्याचे गणित एकट्या संघावर मांडलेले नाही. ट्रस्टच्या कारभारावर पेनसिल्व्हेनियात वाद झाले आहेत, नाही असे नाही. पण संघ विकून मोकळे होण्याची भाषा या घराला परवडणारी नाही.

कॅल्डर चषक म्हणजे काय, आणि हर्शीने तो कधी कधी जिंकला?

एएचएलचे विजेतेपद. नाव एनएचएलचे पहिले अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांचे. हर्शीची वर्षे : १९४७, १९५८, १९५९, १९६९, १९७४, १९८०, १९८८, १९९७, २००६, २००९, २०१०, २०२३, २०२४. चाळीसच्या दशकापासून एकही दशक कोरडे गेलेले नाही. विशीतल्या समर्थकाने एक तरी चषक पाहिलेला असतोच, आणि त्याच्या आजोबांनीही.

१९४७ मध्ये पिट्सबर्गला सात सामन्यांच्या झुंजीत हरवून सुरुवात झाली. १९८८ चा संघ वेगळ्याच मातीचा : जॉन पॅडॉक यांच्या हाताखाली त्याने प्लेऑफमधले, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतले, बाराच्या बारा सामने जिंकले, एकही हरला नाही. गोलरक्षक वेंडेल यंग त्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

फ्रँक मॅदर्स यांचे नाव इतक्या आदराने का घेतात?

कारण ३५ वर्षे हा संघ म्हणजे तेच होते. कॅनडातल्या विनिपेगचा हा बचावपटू पिट्सबर्गहून १९५६ मध्ये आला तो खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी नेमणुकीवर. म्हणजे स्वतः बर्फावर खेळायचे आणि त्याच वेळी कोणाला उतरवायचे हेही ठरवायचे. दोनच वर्षांत १९५८ चा चषक आला, पुढच्या वर्षी पुन्हा, आणि १९६९ मध्ये तिसरा. १९७३ मध्ये प्रशिक्षकपद सोडले, पण व्यवस्थापक म्हणून १९७४, १९८० आणि १९८८ चे चषक त्यांच्याच काळातले. १९९१ मध्ये निवृत्त झाले. १९९२ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली, आणि हे एनएचएलमधल्या जेमतेम दोन डझन सामन्यांच्या बळावर नव्हे. कारकीर्द जवळपास सगळी मायनर लीगमध्ये गेली होती. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले.

निवृत्त केलेला एकच क्रमांक दोन खेळाडूंच्या नावे कसा?

मोठ्या खेळाडूच्या मानार्थ त्याच्या पाठीवरचा क्रमांक पुन्हा कोणाला देत नाहीत, त्याला क्रमांक निवृत्त करणे म्हणतात. संघ जुना, क्रमांक मोजके. ३ क्रमांक मॅदर्स यांचा, आणि त्यांच्यानंतरचा कणखर बचावपटू राल्फ केलर याचाही. ९ क्रमांक आर्नी कुलमन आणि टिम टूकी या दोघांचा. दोन पिढ्यांनी एकाच आकड्यावर नाव कोरले असेल तर एकाला वगळायचे तरी कसे?

खेळाडू हर्शीचे की वॉशिंग्टनचे?

बहुतेक वॉशिंग्टन कॅपिटल्सचे, म्हणजे हर्शीशी जोडी असलेल्या एनएचएल संघाचे. करार एनएचएल संघाशी आणि अनेकदा दुहेरी : वर खेळलास तर एक पगार, खाली खेळलास तर दुसरा. दोन्हींतली तफावत डोळे पांढरे करणारी असते. वर कोणी जखमी झाले की इथल्या एखाद्याला फोन येतो आणि तो त्याच दिवशी निघतो. हर्शीचा प्रशिक्षक मग संध्याकाळच्या सामन्यासाठी फळ्या नव्याने जुळवत बसतो. याशिवाय काही खेळाडू हर्शीने स्वतः घेतलेले असतात, केवळ एएचएलच्या करारावर. आधी सांगितलेल्या पाच जागांवरचे मुरलेले लोक यांतून येतात. ज्या एनएचएल संघांकडे खालचा संघही स्वतःच्याच मालकीचा आहे, तिथे खालच्या संघाने जिंकलेच पाहिजे असा आग्रह नसतो. मुले तयार झाली की पुरे. हर्शीत मालक वेगळा आणि त्याला तिकिटे विकायची आहेत, म्हणून इथे जिंकण्याचा तगादा असतो.

आधी कुठल्या संघांशी नाते होते?

बरेच. बॉस्टन, पिट्सबर्ग, बफलो अशी वळणे घेत १९७७ मध्ये वॉशिंग्टन. १९८४ पासून फिलाडेल्फिया फ्लायर्स, १९९६ पासून कोलोरॅडो, आणि २००५ पासून पुन्हा वॉशिंग्टन. शेवटचा संसार सर्वात सुखाचा. पहिल्याच वर्षी, २००६ मध्ये, प्रशिक्षक ब्रूस बूड्रो यांच्या संघाने चषक जिंकला.

इथून पुढे गेलेली मोठी नावे कोणती?

गोलरक्षक रॉन हेक्स्टॉल १९८५-८६ मध्ये इथे नवोदितांत सर्वोत्तम ठरला. पुढच्याच हंगामात फिलाडेल्फियात त्याने एनएचएलचा सर्वोत्तम गोलरक्षकाचा करंडक आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडूचा करंडक, दोन्ही उचलले. २०१८ मध्ये वॉशिंग्टनने स्टॅनली चषक, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला तेव्हा गोलमध्ये ब्रेडन होल्टबी होता आणि बचावात जॉन कार्लसन. दोघेही हर्शीच्या बर्फावर तयार झालेले. माइक निकोलुक १९५८ ते १९७२ इथे खेळला आणि निवृत्तीनंतर फिलाडेल्फियात एनएचएलचा पहिला पूर्णवेळ सहायक प्रशिक्षक झाला. आणि डॉन चेरी! रंगीबेरंगी कोट घालून कॅनडाच्या टीव्हीवर अनेक वर्षे गाजलेला तो वादग्रस्त गृहस्थ १९५४ मध्ये व्यावसायिक खेळाडू झाला तो हर्शीतच.

प्रशिक्षकांची रांग त्याहून लांब. गॅरी ग्रीन १९७९ मध्ये हर्शीहून थेट वॉशिंग्टनला गेले, वय २६, एनएचएलमध्ये तोवरचे सर्वात तरुण मुख्य प्रशिक्षक. बॉब हार्टली यांनी १९९७ चा चषक इथे जिंकला आणि २००१ चा स्टॅनली चषक कोलोरॅडोत. बूड्रोंना नोव्हेंबर २००७ मध्ये बोलावणे आले. स्पेन्सर कार्बेरी २०१८ ते २०२१ इथे होते, २०२३ पासून वॉशिंग्टनचे मुख्य प्रशिक्षक आहेत आणि २०२५ मध्ये एनएचएलचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले.

२००९-१० चा संघ सर्वात बलाढ्य होता का?

आकडे तसे म्हणतात. त्या हंगामात ६० विजय, १२३ गुण. लीगमध्ये ६० चा आकडा आधी कोणी गाठलेला नव्हता. अंतिम फेरीत मात्र टेक्सास स्टार्सने हर्शीच्याच घरात पहिले दोन सामने मारले. साठ विजयांचा संघ आणि घरी असा सपाटून मार! मग पुढचे चारही हर्शीने घेतले, शेवटचा ४–० असा, घरच्या प्रेक्षकांसमोर.

२०२३ च्या अंतिम सामन्याबद्दल इतके का बोलतात?

समोर कोचेला व्हॅली फायरबर्ड्स, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला, पहिलाच हंगाम खेळणारा संघ. पहिले दोन सामने तिकडे. निकाल ५–० आणि ४–०, हर्शीचा एकही गोल नाही. मग हर्शीत तीन सामने, तिन्ही एकेका गोलच्या फरकाने हर्शीचे, त्यातले दोन ओव्हरटाइममध्ये. सहावा पुन्हा वाळवंटात, पुन्हा पराभव. २१ जूनला सातवा आणि निर्णायक. हर्शी ०–२ मागे. दोन गोल करून बरोबरी साधली आणि ओव्हरटाइम सुरू झाले.

प्लेऑफमधले ओव्हरटाइम म्हणजे पेनल्टी शूटआउट नाही, वेळ संपली म्हणून बरोबरी नाही. कोणीतरी गोल करेपर्यंत खेळायचे. दोन्ही बाजूंची माणसे आठ-नऊ महिने खेळून पिळवटलेली. पाळी चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची, त्याहून जास्त वेळ बर्फावर राहिले की पाय बोलायला लागतात. सोळा मिनिटे उलटून गेल्यावर माइक व्हेकियोनीने पक, म्हणजे चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती, जाळ्यात घातला. ३–२. वरच्या लीगमध्ये मोजकेच सामने मिळालेला हा तिशीतला खेळाडू. सुरुवातीला ज्या तिसऱ्या प्रकारच्या लोकांबद्दल लिहिले, त्यांतलाच.

पुढच्या वर्षी अंतिम फेरीत तेच दोन संघ. २४ जून २०२४ रोजी हर्शीत सहाव्या सामन्यात मॅट स्ट्रोमच्या ओव्हरटाइम गोलने ५–४. दोन्ही वेळचे प्रशिक्षक टॉड नेल्सन.

अस्वलांची खेळणी बर्फावर फेकतात ते काय प्रकरण आहे?

प्रथा हर्शीची नाही. ती १९९३ मध्ये कॅनडातल्या कॅम्लूप्स इथे सुरू झाली. हर्शीने २००१ पासून ती उचलली आणि मग तिचे पार महायज्ञात रूपांतर केले. ठरलेल्या दिवशी प्रेक्षक पिशव्या भरभरून मऊ खेळणी घेऊन येतात. घरच्या संघाने पहिला गोल केला की चारही बाजूंनी खेळण्यांचा वर्षाव. काही काचेच्या कुंपणाला आपटून मागे पडतात, ती खालच्या रांगेतले लोक उचलून पुन्हा आत टाकतात. बर्फ दिसेनासा होतो. खेळाडू ढिगाऱ्यात उड्या मारतात, लहान मुलांसारखे. मग फावडी, खोकी आणि गाड्या घेऊन स्वयंसेवक उतरतात आणि सामना बराच वेळ खोळंबतो. खेळणी मोजून स्थानिक सेवाभावी संस्थांना दिली जातात.

२०१९ मध्ये ४५,६५०. २०२३ मध्ये ६७,३०९. २०२४ मध्ये ७४,५९९. आणि जानेवारी २०२५ मध्ये १,०२,३४३, म्हणजे गावातल्या दर माणशी सात. पाहुण्या संघाची पंचाईत वेगळीच : त्या दिवशी हर्शीला गोल करू दिला नाही तर हजारो लोक हातात खेळणी घेऊन ताटकळतात.

आता सामने कुठे होतात? जुने अरेना आहे की पाडले?

२००२ पासून सामने जायंट सेंटरमध्ये, साडेदहा हजार आसने. आरामदायी आहे, दिसते छान, आवाज मात्र जुन्यासारखा घुमत नाही असे जुनी मंडळी म्हणतात आणि त्यांना ते म्हणायचा हक्क आहे. जुने अरेना उभे आहे, उद्यानाला लागूनच. छप्पर पाहायचे असेल तर आतून पाहा. बाहेरून ते गोदामासारखे दिसते.

हंगाम कधी असतो?

ऑक्टोबर ते एप्रिल, ७२ सामने. मग प्लेऑफ, जूनपर्यंत लांबू शकतात. विल्क्स-बॅरे/स्क्रँटन पेंग्विन्स किंवा लीहाय व्हॅली फँटम्सविरुद्धचा सामना मिळाला तर तोच घ्या. दोन्ही संघ पेनसिल्व्हेनियातलेच, त्यामुळे पाहुण्यांचे समर्थकही गाड्या भरून येतात आणि मधल्या सुट्टीत खाण्याच्या रांगेतही शाब्दिक चकमकी सुरू असतात.

सलग तिसरा चषक का नाही मिळाला?

२०२५ मध्ये विभागीय अंतिम फेरीत शार्लट चेकर्सने बेअर्सना तीनपैकी तिन्ही सामन्यांत हरवले आणि विषय संपला. एएचएलमध्ये सलग तीन चषक आजवर एकाच संघाने जिंकलेत : स्प्रिंगफिल्ड इंडियन्सने, १९६० ते १९६२. त्यांचे मालक एडी शोअर, बॉस्टनचे जुने नामांकित बचावपटू आणि चिक्कूपणासाठी तितकेच नामांकित. १९६६-६७ मध्ये शोअर यांच्या जाचाला कंटाळून त्यांच्या खेळाडूंनी खेळायलाच नकार दिला, आणि त्या भांडणातून पुढे व्यावसायिक हॉकीपटूंची संघटना उभी राहिली.